भाऊजींचा दिवाणखाना

आमच्या फाटकाची कडी वाजली की आधी खोकला ऐकू येतो. तो माझ्या धाकट्या दिरांचा. भाऊजी ओसरीवरून उठतात, सदऱ्याचं वरचं बटण लावतात, घसा साफ करतात आणि आलेल्या माणसाने पाणी मागायच्या आत त्याला घर दाखवायला सुरुवात करतात. आलेला माणूस घर बघायला आलेला असतोच असं नाही. विजेचं मीटर वाचणारा, बियाणं विकणारा, गुरांचा डॉक्टर, कुणीही चालतो. एकदा पत्ता चुकलेलं एक जोडपं आत आलं, त्यांनाही भाऊजींनी पार माळ्यापर्यंत चढवून उतरवलं. जाताना ती बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आम्हाला खरं तर पुढच्या मळ्यात जायचं होतं हो."

घरात सगळे त्यांना गाईड म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझ्या मुलाची.

भाऊजींनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "मग घराकडे कोण बघणार?" जणू बाकीचे आम्ही घराकडे पाठ करून बसलो होतो. शेती आधी माझ्या यजमानांनी केली, आता मुलगा करतो. भाऊजींनी आयुष्यभर घर केलं. कुठल्या कौलातून गळतं, कुठल्या तुळईला वाळवीची आवड आहे, कुठलं दार हवा बदलली की फुगून बसतं, हे सगळं त्यांना पाठ. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावतात, अगदी डॉक्टरांसारखे. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवशी मला वाटलं होतं, या माणसाचं काहीतरी भिंतीत अडकलंय.

तसं हे घर कुणी बांधलेलं नाही. ते वाढत गेलेलं आहे. मधे एक जुनी दगडी खोली, आणि शेकोटीभोवती माणसं सरकत सरकत बसावीत तशा तिच्या तीन बाजूंना टेकून बसलेल्या बाकीच्या खोल्या. चौथ्या बाजूला अंगण. प्रत्येक पिढीने आपल्याला हवी तशी खोली जोडली आणि आधीच्या पिढीला न विचारता जोडली. स्वयंपाकघर माझ्या सासूबाईंच्या काळातलं. त्या चांगल्या उंच होत्या, म्हणून खिडकी त्यांच्या मापाची. मला त्या खिडकीतून पहिल्यापासून फक्त आकाशच दिसत आलंय. अंगणात कोण आलं हे बघायला मी पाटावर चढते. तोवर भाऊजींनी पाहुण्याला अर्धं घर दाखवलेलं असतं.

माझी खोली माझ्या लग्नानंतर बांधली. मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. तिथल्या वर्गांना मोठमोठ्या खिडक्या असायच्या, म्हणून मीही तशा मागितल्या. त्या मिळाल्या. काटकोन मात्र मिळाला नाही. पाया आखायला दोघे भाऊ दोरीची दोन टोकं धरून उभे राहिले आणि दोरी ताणलेली असतानाच कुणाचं टोक सरळ यावरून भांडले. गवंडी बिचारा नवखा. दोघांनाही नाराज करायचं नाही म्हणून त्याने मधून चुना टाकला. त्या खोलीत माझं कपाट कुठल्याच भिंतीला पूर्ण चिकटत नाही. मागच्या फटीत आजवर काय काय पडलं ते फक्त माझ्या डायरीला ठाऊक.

पण भाऊजींचा खरा जीव मधल्या दगडी खोलीत. ते तिला दिवाणखाना म्हणतात आणि तिथेच राहतात. भिंती इतक्या जाड की आतल्या माणसाला हाक मारून उपयोग नाही, जाऊनच सांगावं लागतं. आत जायला अंगणातून एक दार. ते चांगलं रुंद, बैलगाडी मागे घ्यावी इतकं, पण बुटकं. आणि आत, समोरच्या भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक दगडी बैठक. तिच्यावर गादी, गादीवर चादर, वर लोड. घरातला मान म्हणजे ती बैठक. जावई आला की तो तिथेच बसणार, मग त्याला आवडो न आवडो. माझ्या नवऱ्याच्या आत्यांचे नवरे तिथे बसले, माझ्या नणंदेचा नवरा बसला, आता माझा जावई बसतो. जावईबापू मऊ स्वभावाचे. फक्त एकदा मला म्हणाले होते, "आई, ही बैठक मधेच खोल जाते हो. उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो."

भाऊजींकडे त्याचंही उत्तर होतं. ते पाहुण्याला दारात थांबवून सांगायचे, "आमच्या मूळपुरुषांची ही न्यायाची जागा. पंचक्रोशीतली भांडणं इथे मिटायची. दार बुटकं का? तर आत येणाऱ्याने मान वाकवूनच आलं पाहिजे."

"मग मूळपुरुष स्वतः कसे यायचे?" असं एकदा गुरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"ते आधीच आत बसलेले असायचे," भाऊजी म्हणाले.

जमीन बैठकीकडून दाराच्या कोपऱ्याकडे उतरती आहे. ती का? तर न्याय देणारा उंचावर, मागणारा खाली. बैठकीच्या कडेला दगडात आरपार भोकं आहेत, ती पडद्याच्या दोऱ्यांसाठी. मूळपुरुषांना पडद्याआडून ऐकायची सवय होती म्हणे. मी आले तेव्हा मूळपुरुष साधारण उंचीचे होते. पुढे ते वाढत गेले. माझी नात शाळेत जायला लागली तोवर त्यांचं डोकं तुळईला लागत होतं.

त्या उताराने भाऊजींना त्रास कमी दिला नाही. खाट एका बाजूला कलायची, म्हणून सुतार बोलावून वरच्या अंगाचे दोन्ही पाय कापून घेतले आणि खाट एकदाची सरळ झाली. लिंबू पडलं तर घरंगळत दाराशी. तांब्या लवंडला तर पाणी सरळ कोपऱ्यातल्या कपाटाखाली जाऊन नाहीसं व्हायचं, पुसायलाही उरायचं नाही. भाऊजी म्हणायचे, जुन्या घरांना तहान असते. आणि आम्ही शिकलेली माणसं मान डोलवायचो.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना माझ्या मुलाने गायी घ्यायचं ठरवलं.

दुधाचा धंदा करायचा तर गोठा हवा. जुनं खोपट कधीच पडलेलं. मुलाने सगळ्या जमिनीवर पाय घासून पाहिलं आणि म्हणाला, विहिरीजवळ, रस्त्याला लागून, पक्क्या जागेवर एकच ठिकाण आहे. दिवाणखाना पाडायचा आणि तिथे पत्र्याचा नवा गोठा. विटासुद्धा येऊन पडल्या.

भाऊजींनी त्या विटांना वळसा घालून दोन दिवस जाणं-येणं केलं. मग जेवताना म्हणाले, "वहिनी, तुमच्या मुलाला सांगा, वाडवडिलांच्या न्यायासनावर गायी बांधत नाहीत."

मुलगा समोरच होता. "काका, न्यायासन कोण म्हणतं? तुम्हीच ना?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांना सांगितलं कुणी?"

सुनेने भाजी वाढायच्या निमित्ताने मधे हात घातला. "अहो, एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा की. वास्तुकलेच्या कॉलेजातल्या बाई जुनी घरं बघत हिंडतात. परवाच पुढच्या मळ्यात येऊन गेल्या."

भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला पुढचं दिसायलाच लागलं. "बोलवा," ते म्हणाले. "मीच बोलावतो. बघू दे त्यांना."

"ठरलं," मुलगा म्हणाला. "इथे खरंच न्यायनिवाडे व्हायचे असं त्यांनी सांगितलं तर मी एक दगड हलवणार नाही. नाही सांगितलं तर काका, तुम्ही कोठीच्या खोलीत आणि दिवाणखाना खाली. मग कुरकुर नाही."

"तू तुझ्या विटा परत पाठवायची तयारी कर," भाऊजी म्हणाले आणि जास्तीची भाकरी मागून घेतली.

बाई आल्या. तरुणच होत्या, केस आखूड, खांद्याला पिशवी, हातात मापाची फीत. भाऊजींनी बटण लावलं, खोकला काढला आणि फाटकापासून सुरू केलं. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. दाराशी मान वाकवून आत आल्या, मूळपुरुषांची सगळी कथा ऐकली, पडद्याच्या दोऱ्या ऐकल्या. मग विचारलं, "काका, गादी उचलू का?"

"उचला की. दगड बघण्यासारखा आहे."

खरं सांगते, ती बैठक पूर्ण उघडी झालेली मी तोवर पाहिली नव्हती. आम्ही चादर बदलायचो, गादी उन्हाला टाकायची तर खाली सतरंजी तशीच असायची. बाईंनी सतरंजीही काढली. खाली दगडात कोरलेला लांबट खोलगट भाग, कडा आतून घासून घासून तुळतुळीत झालेल्या. मी शेतकऱ्याच्या घरात उभं आयुष्य काढलंय. माझ्या लगेच लक्षात आलं. मी मुलाकडे पाहिलं, तो छताकडे बघत ओठ चावत होता.

बाई उकिडव्या बसल्या आणि त्यांनी एका भोकात बोट घातलं. "काका, दोरीने दगड इतका झिजतो तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रोज ओढणारं असतं. पडदा ओढत नाही."



मग बाईंनी मुलाच्या मदतीने कोपऱ्यातलं कपाट सरकवलं. मागे, अगदी जमिनीलगत, भिंतीतून बाहेर जाणारी मोरी होती. घराची तहान म्हणतात ती हीच. बाई उठल्या, हात झटकले आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, "हा गोठा आहे, काका. फार चांगला गोठा. ही बैठक नाही, गव्हाण आहे. उतार, मोरी, रुंद दार, सगळं जनावरांच्या सोयीचं. आणि घरातला सगळ्यात जुना भाग हाच. तुमच्या मूळपुरुषांनी आधी जनावरांना छप्पर दिलं. स्वतःची खोली नंतर केली." त्यांनी गव्हाणीच्या टोकाशी असलेला कोनाडा दाखवला. त्याच्या वरचा दगड दिव्याच्या काजळीने काळा होता. "ती खोली होईपर्यंत ते बहुधा इथेच या कोपऱ्यात झोपत असावेत."

सून एकदम म्हणाली, "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं आपण जावयांना गव्हाणीत बसवत होतो?"

बाईंना हसू आवरेना. मुलगा अंगणात पळाला. मला सिस्टरांनी शिकवलेलं सगळं वळण वापरून तोंड सरळ ठेवावं लागलं. भाऊजींनी मात्र गादी उचलली, सतरंजीची घडी घातली, चादर झटकून घातली, आणि सगळं जागच्या जागी ठेवून बाईंना म्हणाले, "चहा घेऊन जा."

त्यानंतर खोकला बंद झाला. फाटकाची कडी वाजली तरी भाऊजी ओसरीवर बसून राहायचे. बियाणं विकणारा येऊन मलाच विचारून गेला, "काकांची तब्येत बरी आहे ना? मला सरळ आत येऊ दिलं त्यांनी." मुलगाही टोचून बोलेना. त्याने एकदा गाईड म्हणून चिडवलं असतं तर बरं झालं असतं. पैज तो जिंकला होता आणि काकांकडे बघायचं टाळत होता. मी भाऊजींना म्हटलं, "अहो, गोठा तर गोठा. त्यात काय एवढं?"

"वहिनी," ते म्हणाले, "न्यायासन होतं म्हणून मी ते राखलं असं मला वाटायचं. आता कळतंय, काहीही असतं तरी राखलं असतं. पण हे पोराला कसं सांगू? शब्द दिलाय." आणि भिंतीवर टकटक करायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला.

खोली पाडणारी माणसं आठवड्याने यायची होती. त्याआधीच एक गाय आली. विकणाऱ्याला दुसरीकडे जायचं होतं, तो थांबेना. गाभण गाय, अंगाने मोठी, शिंगं आडवी. मुलाने तिला अंगणात ताडपत्रीखाली बांधली. वारा सुटला होता. ताडपत्री फडफडली की गाय दचकायची आणि दाव्याला हिसडे द्यायची. दिवसभर तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही. मुलगा बादली घेऊन तिच्यासमोर उभा, सून गूळ घेऊन उभी, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, नवी जागा आहे, होईल सवय. संध्याकाळपर्यंत मुलाचं तोंड तिच्याहून उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवायला ठेवलं आणि पाटावर चढून खिडकीतून बघितलं. ताडपत्री होती, गाय नव्हती.

आम्ही तिघेही अंगणात धावलो. दिवाणखान्याचं दार सताड उघडं. गादी, सतरंजी, लोड सगळं बाहेर ओसरीवर. खाटसुद्धा बाहेर. आत जमिनीवर पेंढा पसरलेला आणि गाय गव्हाणीसमोर उभी, दावं त्या पडद्याच्या भोकातून ओवलेलं, आणि चपचप आवाज करत खात होती. आमच्याकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही. भाऊजी कोनाड्याशी पाठ टेकून उभे होते, सदऱ्याला पेंढा लागलेला.

"काका, हे काय?" मुलगा म्हणाला.

"काही नाही. तिला वारा लागत होता."

"शिंगं दारातून गेली?"

"नीट गेली. तिने मान खाली घातली आणि आली. तुझ्यासारखी कपाळ आपटून नाही."

मुलगा आत गेला. गायीच्या पाठीवरून हात फिरवला, गव्हाण तिच्या छातीशी नेमकी कुठे येते ते वाकून पाहिलं. वरचे झरोके पाहिले. मग बाहेर जाऊन त्याने पाण्याची बादली भरून आणली आणि गव्हाणीच्या पायथ्याशी ओतली. पाणी पेंढ्याखालून निघालं, कुठे थबकलं नाही, सरळ कोपऱ्यात गेलं आणि मोरीतून बाहेर पडलं. मुलाने आणखी एक बादली ओतली. तेही गेलं.

"असा उतार मला नव्या गोठ्यात काढून देणारा गवंडी अजून मिळालेला नाही," तो म्हणाला.

"कसा मिळेल? आपल्याकडचे गवंडी दोरीच्या मधून चुना टाकतात," मी म्हटलं.

"किती गायी बसतील?" त्याने भाऊजींना विचारलं.

"भोकं मोज. मूळपुरुषांनी मोजूनच पाडलीत."

मुलाने भोकं मोजली. त्याला घ्यायच्या होत्या त्याहून एक जास्तच निघालं.

"पण काका, मग तुम्ही?"

भाऊजींनी लोड काखेत मारला. "कोठीची खोली म्हणाला होतास ना? मी शब्दाचा पक्का आहे. तू खोली पाडू नको, मी कुरकुर करणार नाही." आणि बुटक्या दारातून मान वाकवून बाहेर पडले. इतक्या वर्षांत त्यांना मी त्या दारातून मागे वळून न बघता बाहेर पडताना पहिल्यांदाच पाहिलं.

कोठीच्या खोलीत त्यांची खाट आम्ही सगळ्यांनी मिळून नेली आणि तिथे नवीनच पंचाईत झाली. कोठीची जमीन सपाट. दोन पाय कापलेली खाट त्या सपाट जमिनीवर अशी कलली की भाऊजी आडवे झाले आणि हळूहळू भिंतीकडे सरकायला लागले. आयुष्यभर उतारावर सरळ झोपलेला माणूस सपाटीवर घसरायला लागला. कुरकुर करायची नाही असं कबूल केलेलं, त्यामुळे काही बोलताही येईना. एक हात खाटेच्या कडेला धरून, डोळे छताला लावून पडून राहिले.

"अहो भाऊजी, पडाल," मी म्हटलं.

"छान आहे खोली," ते म्हणाले. "हवेशीर आहे."

मुलगा बाहेर गेला. नव्या गोठ्यासाठी आणलेल्या ढिगातल्या दोन विटा घेऊन आला, गुडघ्यांवर बसला आणि खाटेच्या आखूड पायांखाली एकेक सरकवली. खाट सरळ झाली. भाऊजींनी हात सोडला. मग खाली वाकून वीट पेरांनी वाजवून पाहिली, कान लावला.

"कच्ची आहे," ते म्हणाले. "फसवलं तुला."

"हो गाईडसाहेब," मुलगा म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी दोघे हसले.

जावईबापू पुढच्या खेपेला आले तेव्हा कडी वाजायच्या आधीच खोकला ऐकू आला. भाऊजींनी त्यांना फाटकातूनच धरलं आणि दिवाणखान्याच्या दाराशी नेऊन उभं केलं. आता तिथे सगळ्या गायी बांधलेल्या असतात. जावईबापू जरा वेळ त्या रांगेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आई, मी कुठे बसायचं?"

"तुम्हाला खुर्ची," भाऊजींनी परस्पर सांगितलं. "आणि या गायीचे आभार माना. तुम्ही इतकी वर्षं हिच्या ताटात बसत होतात." मग घसा साफ करून, हात कोनाड्याकडे करून त्यांनी सुरुवात केली, "आमचे मूळपुरुष या कोपऱ्यात झोपायचे. म्हणजे उंच नव्हते फार. एवढ्या जागेत मावायचे."